बेथेलची जमीन आणि बाप्तिस्म्याची नोंदवही

मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी सहसा मुंबई, पुणे, अहमदनगर व वसई या ठिकाणांवरून फारशी हलत नाही. त्याची कारणे उघड आहेत. छापखाने तेथे होते, नियतकालिके तेथून निघत, कवी व पंडित तेथेच वावरले. निजामाच्या राज्यातील मराठी मंडळीच्या वाट्याला यांपैकी फारच थोडे आले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच मराठी जिल्हे १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होते. राजधानी तेलुगू मुलुखात, कचेरीची भाषा प्रथम फारसी व मग उर्दू, आणि उपासनेची भाषा मराठी, अशा तिहेरी परिस्थितीत ही मंडळी वाढली. तिचा इतिहास तिच्या अभिमानासाठी सांगावा असा आमचा हेतू नाही. आजच्या एका अवघड प्रश्नाचे मूळ त्या इतिहासात आहे, म्हणून तो येथे सांगत आहोत.

प्रश्न आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. एखादे कुटुंब मुलाला बाप्तिस्म्यासाठी आणते, आईबाप प्रार्थनेला नियमाने येणारे असतात. पण विधी आटोपल्यावर बाप हळूच विनंती करतो की, नोंदवहीत नाव तेवढे लिहू नका, पुढे मुलाच्या जातीच्या दाखल्याला अडचण येईल. काही धर्मगुरू रागावतात, काही डोळेझाक करतात, काही कोऱ्या कागदावर टिपण करून तो कागद कपाटात ठेवतात. बैठकीत विषय निघाला की कोणी कायद्याचे कलम सांगतो, कोणी शास्त्रवचन. हा प्रश्न आपल्यापुढे कोणत्या वाटेने आला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ही वाट १८४३ सालच्या मुंबईत सुरू होते. त्या वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिट यांच्या आश्रयास आला. तो तेव्हा सुमारे बारा वर्षांचा होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती सर एर्स्किन पेरी यांनी, मुलगा अज्ञान असल्यामुळे त्याचा ताबा पित्याचाच, असा निर्णय दिला, आणि श्रीपत घरी परत गेला. घर परत मिळाले तरी जात परत मिळेना. मिशनऱ्याच्या घरी राहिलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावे, हा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी उचलून धरला, आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण जांभेकरांच्या धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मुद्दा निराळा आहे. एका मुलाच्या श्रद्धेचा प्रश्न तेव्हाच कोर्टाच्या व जातीच्या दप्तरात गेला होता. तो कोणाचा, हे सांगण्याचा अधिकार बाप, न्यायाधीश, शास्त्री व पाद्री या चौघांनी मागितला. श्रीपतचे स्वतःचे म्हणणे वयाच्या कारणाने बाजूस राहिले.

नारायण शेषाद्री यांनी आपले नाव बदलले नाही. पुढे १८५४ साली त्यांची फ्री चर्चमध्ये दीक्षा झाली, १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, आणि सर्वत्र ते नारायण शेषाद्री याच नावाने ओळखले गेले. विष्णूचे नाव व तिरुपतीच्या डोंगराचे नाव घेऊन एक ख्रिस्ती धर्मगुरू जगभर फिरतो, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. परंतु ज्याचे नाव समाजात आधीच प्रतिष्ठित आहे, त्यालाच ते जसेच्या तसे मंडळीत आणणे परवडते, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

१८६३ साली ते जालन्यास आले. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्या भागात आजही ऐकू येते. कापसाची पेठ, व्यापाऱ्यांचे वाडे, आणि शेजारी १८२७ साली वसवलेली लष्करी छावणी, असे ते भरभराटीचे गाव होते. त्या सोन्याच्या पाळण्यात मांगवाड्याला जागा नव्हती. नारायणरावांच्या हाकेला ओ दिली ती मुख्यतः मांगवाड्यातील माणसांनी. बाजारपेठेने किंवा ब्राह्मणआळीने तिच्याकडे पाठ फिरवली. या समाजाच्या मनात काय चालले होते याची थोडीशी कल्पना मुक्ता साळवे यांच्या निबंधावरून येते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ साली छापला. आपल्या लोकांच्या जमिनी हिरावल्या गेल्या, आणि ज्या धर्माचे ग्रंथ पाहण्याचीही आपणांस मुभा नाही तो धर्म आपला कसा, हे दोन्ही मुद्दे तिने एकाच निबंधात मांडले आहेत. जमीन व धर्म यांची ही जोडी आठ वर्षांनंतर जालन्यास प्रत्यक्षात पुढे आली.

ती कशी, हे समजण्यासाठी गावगाड्याकडे पाहिले पाहिजे. मांग हा बलुतेदार. दोर वळणे, सणावाराला व देवाच्या पालखीपुढे हलगी वाजवणे, गावाची सांगितलेली कामे करणे, आणि त्याबद्दल खळ्यावरचे धान्य व सणाचे अन्न घेणे, हे त्याचे जीवन. आता असा माणूस बाप्तिस्मा घेतो. पालखीपुढे हलगी वाजवणे त्याच्या मनाला पटेनासे होते. तो नकार देतो. नकार दिल्याबरोबर बलुते बंद होते, आणि घर गावाच्याच जागेवर असल्यामुळे आसरा सुद्धा डळमळतो. इंग्रजी मुलुखात १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता. निजामाच्या राज्यात तो लागू नव्हता, आणि असता तरी मांगाच्या मुलाला वारसाने मिळणार काय होते? हलगीच. ब्राह्मण धर्मांतरिताला घर सोडावे लागे, ते दुःख मोठेच होते. पण त्याच्या विद्येला मिशनात व कचेरीत जागा होती. मांग धर्मांतरिताला गावाचा घास सोडावा लागे, आणि दुसरा घास कोठेच शिजत नव्हता. पहिल्या आज्ञेचे पालन करण्यासाठी त्याला पायाखाली स्वतःची जमीन हवी होती. नारायण शेषाद्री यांना हे उमगले, हा आमच्या मते त्यांच्या धर्मज्ञानाचा सर्वांत मोठा पुरावा होय. त्यांच्या प्रवचनांपेक्षाही मोठा.

जमीन मिळाली ती हैदराबादेहून. तेव्हा दिवाणपदी पहिले सर सालारजंग होते. १८५३ पासून १८८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी राज्याचा कारभार पाहिला, जिल्ह्यांची नवी बांधणी केली, वसुलाची पद्धत बदलली. त्यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारने जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहतीसाठी जमीन दिली आणि तेथे बेथेल हे गाव उभे राहिले. शिया मुसलमान दिवाणाने, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूला, मांगांच्या वस्तीसाठी दिलेली ही जमीन! धर्माधर्मांतील संवादावर आज परिषदा भरतात. त्यांत या व्यवहाराचा उल्लेख आम्ही अद्याप ऐकलेला नाही. हैदराबादेत मुसा नदीकाठी सालारजंग संग्रहालयात रोज शेकडो माणसे बेंझोनीने घडवलेला बुरख्यातील रिबेकाचा संगमरवरी पुतळा पाहण्यासाठी थांबतात. तो याच सालारजंगांनी १८७६ साली युरोपात खरेदी केला. अब्राहामाच्या घरी येणाऱ्या त्या सुनेकडे पाहताना तिच्या मुलाच्या नावाशी जोडलेले एक गाव याच दिवाणाच्या राज्यात वसले, हे कोणाच्या मनातही येत नसेल.

बेथेल हे नाव विचारपूर्वक निवडलेले दिसते. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील याकोब हा घरातून पळालेला, भूमिहीन, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेला माणूस आहे. तो ज्या भूमीवर पडला आहे तीच भूमी त्याला व त्याच्या संततीला मिळेल, असे वचन त्याला तेथे मिळते. मांगवाड्यातून आलेल्या श्रोत्यांना या कथेचे विवरण करून सांगण्याची गरज पडली नसेल. पण बायबलात बेथेलची आणखी एक कथा आहे, आणि वसाहतीला नाव देणाऱ्यांच्या मनात ती बहुधा नव्हती. शतके लोटल्यावर त्याच ठिकाणी राजाचे उपासनास्थान झाले. आमोस संदेष्टा तेथे येऊन सांगू लागला की वेशीत गरिबाचा न्याय तुडवला जात असता तुमची बलिदाने व गाणी देवाला नकोशी आहेत. त्याला तेथून हाकलून दिले ते कोणी? बेथेलचा याजक अमस्या याने. आपण सारे याजकपदावर आहोत, म्हणून ही दुसरी कथा आपणांस अधिक जवळची असावयास हवी.

बेथेलमुळे काय साधले? उपासनामंदिर, शाळा, विहिरी, शेती, आणि कोणाच्याही पालखीपुढे हलगी न वाजवता जगण्याची सोय. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे, त्यांच्या मुलांनी पाटीवर अक्षर काढले. हे थोडे नव्हे. तरी आश्रय देणे म्हणजे न्याय मिळवून देणे नव्हे, आणि मिशनच्या वसाहतींचा सर्वच ठिकाणचा अनुभव सांगतो की आश्रयदाता हळूहळू पाटील बनतो. जमीन वाटणारा, मजुरी ठरवणारा, शाळा चालवणारा, तंटे तोडणारा आणि प्रभुभोजनाला कोणी यावे हे ठरवणारा, हे सारे एकाच माणसाच्या ठायी एकवटले की कुळाला पाप कबूल करतानाही मालकाकडे पाहावे लागते. आपल्या मंडळ्यांत धर्मगुरूला 'मायबाप' म्हणण्याची जी सवय दीर्घकाळ राहिली, तिची पाळेमुळे आम्हांस येथे दिसतात. शिवाय बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कोणत्याही बेथेलात राहिले नाहीत. ते आपापल्या गावी, आपापल्या वाड्यात राहिले, आणि हलगीचा प्रश्न त्यांना एकेकट्यानेच सोडवावा लागला. किती जणांनी ती खाली ठेवली, किती जणांनी रविवारी उपासना व मंगळवारी पालखी असा मार्ग काढला, हे कोणी मोजले नाही.

नारायण शेषाद्री १८९१ साली समुद्रप्रवासात वारले. त्यानंतर आठ वर्षांनी १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ त्यापूर्वीच होऊन गेला होता. दुष्काळ, धान्यवाटप, अनाथाश्रम व बाप्तिस्मे हे चार शब्द तेव्हापासून एकत्र उच्चारले जातात, आणि 'पोटासाठी बाटले' हा शेरा आजही आपल्या लोकांच्या पाठीला चिकटलेला आहे. या आरोपाने खजील होण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पोट हे देवानेच दिले आहे, आणि रोजच्या भाकरीची विनंती प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आहे. जे. वॉस्कम पिकेट यांनी सामूहिक धर्मांतरांचा जो अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध केला, त्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत हैदराबाद राज्यातील विकाराबाद हे एक होते. लोक कोणत्या हेतूने आले, यापेक्षा आल्यानंतर त्यांना शिक्षण व सोबत कशी मिळाली यावर त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचा कस अवलंबून राहिला, असा त्या अभ्यासाचा एकूण रोख आहे. हे वाचून आमच्या धर्मशिक्षकांना धीर यावा. गावोगाव पायी फिरून आज्ञा व प्रार्थना पाठ करून घेणारा अल्पवेतनी उपदेशक हाच या इतिहासाचा खरा कणा होता.

परंतु त्या उपदेशकालाही एका जागी हात टेकावे लागले. मिशनांनी प्रदेश आपसांत वाटून घेतले, आणि त्या वाटणीबरोबर, कोणी तसे ठरवलेले नसताना, जातीही वाटल्या गेल्या. तेलुगू भागात वेस्लियन मंडळीत मालांचा व अमेरिकन बाप्टिस्ट मंडळीत मादिगांचा भरणा झाला. मराठी भागात कोठे महारवाडा तर कोठे मांगवाडा एका मिशनकडे गेला. परिणामी, पंथभेद हे जातिभेदाचे सोवळे वस्त्र बनले. लग्न जमवताना 'ते दुसऱ्या मिशनचे आहेत' असे म्हणून जी नापसंती दर्शवली जाई, तिच्या पोटात दुसरेच काही असे, हे आपणांस ठाऊक आहे. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली आणि जालन्याची स्कॉटिश परंपरा व औरंगाबादची अँग्लिकन परंपरा एका छत्राखाली आल्या. कागदावर मिशने एक झाली. सोयरिकी किती झाल्या, हे प्रत्येकाने आपल्या विवाहाच्या नोंदवहीत पाहावे.

याच राज्यातील दोर्णकल येथे १९१२ पासून १९४५ पर्यंत बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझराया होते. अँग्लिकन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप. माला व मादिगा यांना एकाच प्याल्यातून प्रभुभोजन देण्याचा त्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, त्यानंतर अझरायांची व त्यांची भेट झाली असे सांगितले जाते. अस्पृश्य ख्रिस्ती झाले तर देशभर ते एकाच मंडळीचे घटक होतील काय, आणि तेथे जात उरणार नाही काय, असे आंबेडकरांनी विचारले. अझरायांना होकार देता आला नाही, आणि त्या लज्जेने त्यांच्या ऐक्याच्या प्रयत्नांना धार आली. दक्षिण भारताच्या मंडळीचे ऐक्य १९४७ साली घडले, ते पाहण्यास ते हयात नव्हते. भेटीचा तपशील कसाही असो, आंबेडकरांचे मत त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. धर्मांतराने त्याची जात गेली नाही, आणि अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची शिकवण त्याला मंडळीने दिली नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. आम्ही तो आपल्या धर्मशास्त्राच्या वर्गात पाठ्य म्हणून लावावा या मताचे आहोत. निजामाच्या राज्याचा अनुभव त्यांनाही होता: १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याला हात लावल्यावरून त्यांच्या सोबत्यांवर जमाव धावून आला होता. अखेरीस १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास बुद्धाची वाट धरली, आणि मराठवाड्यातील महारवाडे त्यांच्यामागे गेले. आमच्या मंडळीच्या दारावरून ती यात्रा पुढे गेली, ती का, याचे उत्तर त्या प्रकरणात आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारास अनुसूचित जातीचे समजले जाणार नाही असे ठरवले. १९५६ साली शिखांसाठी व १९९० साली बौद्धांसाठी त्यात दुरुस्ती झाली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन ते मुंबई, म्हैसूर व आंध्र प्रदेश या राज्यांत गेले, आणि एकाच वाड्यातून, एकाच शतकात, एकाच प्रभूकडे आलेल्या लोकांची तीन दप्तरांत तीन प्रकारे नोंद होऊ लागली. आंध्रात व आता तेलंगणात ते मागासवर्गाच्या 'क' गटात आहेत, एक टक्का राखीव जागांसह. महाराष्ट्रात इतर मागासवर्गांत. कर्नाटकात आणखी निराळ्या प्रवर्गात. सोयरिकीने बांधलेली बिदर, नांदेड व हैदराबाद येथील तीन भावंडे तीन निरनिराळे दाखले काढतात. १९८५ साली सूसै यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने तो परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व केवळ नोकरीसाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्या स्त्रीचा दावा फेटाळताना त्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटले. त्या खटल्यात बाप्तिस्म्याची नोंद हा पुरावा होता. नोंदवही लपवण्याची विनंती का वाढली, हे यावरून कळेल.

आता पाळकाने करावे काय? प्राचीन मंडळीपुढे याच जातीचा पेच पडला होता. सन २५० च्या सुमारास सम्राट देकियसच्या आज्ञेने प्रत्येकाने देवतांना बली देऊन तसा दाखला घ्यावयाचा होता. काही ख्रिस्ती लोकांनी बली दिला नाही, पण पैसे भरून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन व त्याच्या सहकाऱ्यांनी २५१ सालच्या सभेत या दाखलेवाल्यांचा विचार प्रत्यक्ष बली देणारांहून निराळा व सौम्य केला. दोष नाही असे त्यांनी म्हटले नाही. दोष एकसारखा आहे असेही म्हटले नाही. जुन्या करारातील नामानाची गोष्टही येथे आठवावी. राजाच्या हाताला आधार देत रिम्मोनाच्या देवळात आपणांस वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे तो अलीशाला आधीच सांगतो, आणि संदेष्टा त्याला शांतीने जाऊ देतो. ही दोन उदाहरणे घेऊन कोणी म्हणेल की मग नोंद न लिहिणेच बरे. आम्हांस तसे वाटत नाही. नामानाने अलीशाला खोटे लिहिण्यास सांगितले नव्हते.

आमचे मत असे की नोंद लिहावी, संपूर्ण लिहावी, आणि मागेल त्याला खरी प्रत द्यावी; एकाला एक व दुसऱ्याला दुसरा असे दोन दाखले धर्मगुरूच्या सहीने कधीही निघू नयेत. मात्र ती लिहिण्यापूर्वी आईबापांना शेजारी बसवून, या नोंदीने मुलाचे कोणते हक्क जातील हे स्पष्ट शब्दांत सांगणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. हे न सांगता शाईने नाव लिहून मोकळे होणारा पाळक गरिबाच्या खर्चाने सत्यवादी होतो. आणि ज्याने दाखल्यासाठी आपला विश्वास झाकला, त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची घाई करणाऱ्या मंडळीने प्रथम आपल्या घरातील गोष्टी पाहाव्यात. आडनाव ऐकून पंचायतीत जागा ठरवणारे आपण, कायदा आम्हांला जातीने ओळखतो अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धचा लढा न्याय्य आहे, तो चालू राहिलाच पाहिजे. पण आपली जात बाप्तिस्म्याने गेलेली नाही, हेच त्या लढ्यातील आपले कथन आहे, आणि ते कथन आपल्या मंडळ्यांविषयीही कबुलीजबाब आहे. हा विरोधाभास फार थोड्या व्यासपीठांवर उच्चारला जातो.

खर्चाची गोष्ट निघाली म्हणून जमिनीकडे परत वळावे लागते. नोंद लिहिल्याने ज्या मुलाची शिष्यवृत्ती बुडते, त्याची भरपाई कोणी करावी? मिशनच्या काळापासून मंडळ्यांच्या ताब्यात आलेली आवारे, शेते व बंगले आज लाखोंच्या मोलाची झाली आहेत. त्यांच्या भाडेपट्ट्यांवरून विश्वस्तांत कोर्टकज्जे चालतात, आणि वृत्तपत्रांतून आपली शोभा होते. मुंबई राज्याच्या कूळकायद्यात शिक्षण, रुग्णालय व उपासनेसाठी असलेल्या विश्वस्त संस्थांच्या जमिनींना कलम ८८-ब अन्वये सूट देण्याची तरतूद झाली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपल्या संस्था कुळांच्या बाजूस नसून जमीनदारांच्या बाजूस बसल्या. सालारजंगांच्या सरकारने दिलेली जमीन कोणासाठी होती, याविषयी तरी वाद असू नये. ती हलगी खाली ठेवणाऱ्यांसाठी होती. त्यांचे पणतू आज नोंदवहीत नाव नको म्हणतात, तेव्हा अशा जमिनींच्या उत्पन्नातून त्यांच्या शिक्षणाचा वाटा बाजूस काढणे हा दानधर्म होणार नाही. मूळ व्यवहारातील तो त्यांचा हिस्सा आहे. किती मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात असा रकाना आहे, ते आगामी वार्षिक सभांत विचारावे.

आणखी एक काम आहे, आणि ते तातडीचे आहे. बेथेलविषयी आम्ही वर जे लिहिले त्यात नावे कोणाची आली? नारायण शेषाद्री, नेस्बिट, सालारजंग. मिशनच्या अहवालांत हीच नावे येतात. ज्यांनी बलुते सोडले त्या पुरुषांची व स्त्रियांची नावे छापील कागदावर जवळजवळ कोठेच नाहीत. ती आहेत बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांत: स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव, तारीख आणि साक्षीदाराचा अंगठा. त्या समाजाने लिहून ठेवलेला, किंवा त्याच्याविषयी लिहिला गेलेला, हाच काय तो पहिला इतिहास. या वह्या आज लोखंडी पेट्यांत आहेत, कपाटांवर आहेत, काही ठिकाणी गळक्या छताखाली आहेत. जुनी शाई पिवळ्या कागदावर फिकट होत चालली आहे आणि मराठवाड्याची वाळवी कागदातील भेद जाणत नाही. प्रत्येक धर्मगुरूने आपल्या ताब्यातील सर्वांत जुनी नोंदवही या वर्षी स्वतः उघडावी, मोडी किंवा उर्दू शेरे वाचू शकणारे वृद्ध हयात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवावे, आणि धर्मशिक्षकांकडून तिची स्वच्छ नक्कल पूर्ण नावांसह करवून घ्यावी.